फळा नवा आला. शिकणे नवे झाले काय?

२०१८ सालच्या आषाढात आमच्या शाळेत एक मोठे खोके आले. शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत. चार महिने पाऊस, त्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी खोके आले म्हणताच शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष, दोन-तीन पालक आणि गावातील रिकामी माणसे व्हरांड्यात जमा झाली. नारळ फुटला. खोक्यातून प्रक्षेपक, पांढरा पडदा आणि शेकडो धडे साठवलेली एक पेटी निघाली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. खरे सांगावयाचे तर, टाळी माझ्याही हातून वाजली.

पहिला पाठ मी स्वतः घेतला. सातवीचा वर्ग आणि विषय चंद्राच्या कला. पेटीतील धडे कानडीत व इंग्रजीत होते, मराठीत जवळजवळ नव्हतेच. तेव्हा मी आवाज बंद केला आणि चित्रासोबत मराठीत सांगत गेलो. पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र, एका बाजूने येणारा सूर्यप्रकाश, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत भरत जाणारे बिंब! खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता आणि आत एकोणतीस मुले श्वास रोखून पाहत होती. तीस वर्षांच्या नोकरीत असा शांत वर्ग मी क्वचितच पाहिला असेल. त्या समाधानात मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सहज विचारले, ‘‘चंद्राची कोर का दिसते? पाटीवर एका वाक्यात लिहा.’’ एकोणतीसपैकी बावीस पाट्यांवर उत्तर होते : पृथ्वीची सावली पडते म्हणून.

वाचकहो, हे उत्तर चुकीचे आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणाच्या वेळी. एरव्ही चंद्राचा अर्धा भाग सदैव उजळलेलाच असतो. त्या उजळ भागाचा किती अंश आपल्या दृष्टीस पडतो, त्यावरून कोर की पूर्ण बिंब हे ठरते. पडद्यावर नेमके हेच दाखविले होते. कथनही माझेच होते, त्यामुळे दोष परक्या भाषेवर ढकलण्याची सोय नव्हती. मुलांनी पाहिले होते, ऐकले होते, आनंदही लुटला होता. पण मनात आधीपासून ठाण मांडून बसलेली समजूत तसूभरही हलली नव्हती. वर्गातील शांततेलाच मी शिकणे समजलो होतो.

त्याच आठवड्यात एका दुपारी खिडक्यांना पोती लावून वर्ग अंधारा केला. मध्ये एक दिवा ठेवला. प्रत्येक मुलाच्या हाती पांढरा चेंडू दिला आणि सांगितले, ‘‘तुझे डोके ही पृथ्वी, चेंडू हा चंद्र. हात लांब करून चेंडू डोक्याच्या जरा वर धर आणि जागच्या जागी हळूहळू फीर.’’ मुले फिरू लागली. चेंडूवर कोर उमटली, अर्धा झाला, पूर्ण उजळला, पुन्हा घटत गेला. सावली कोठेच नव्हती. एका मुलाने हात खाली घेतला तेव्हा मात्र त्याच्या डोक्याची सावली चेंडूवर पडली आणि तो ओरडला, ‘‘सर, गिराण लागलं!’’ ग्रहण म्हणजे काय हे त्या दिवशी वेगळे शिकवावे लागले नाही.

यानंतर तोच चित्रपाठ पुन्हा लावला. आता मुले गप्प बसेनात. ‘‘सर, थांबवा’’, ‘‘मागं घ्या’’, ‘‘आता आपण कुठं उभं आहोत?’’ असे प्रश्न येऊ लागले. पेटी तीच, पडदा तोच, गुरुजीही तेच. पण आता मुलांजवळ विचारण्यासारखे काही होते. वर्गात यंत्र केव्हा आणावे आणि केव्हा बाजूला ठेवावे, या प्रश्नाचा विचार मी तेव्हापासून गंभीरपणे करू लागलो.

जुनीच आशा, नवी यंत्रे

यंत्र आले की शिक्षण पालटेल, ही आशा आजची नव्हे. चलच्चित्रांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत अमेरिकेतील थोर संशोधक एडिसन यांनी १९१३ साली केले होते. पुस्तके अद्याप आहेत. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत उपग्रहाद्वारे दूरदर्शन शिक्षणाचा ‘साइट’ हा मोठा प्रयोग झाला. कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसविले गेले; आमच्या शेजारचा विजापूर जिल्हाही त्यात होता. १९८४ साली ‘क्लास’ या योजनेतून निवडक शाळांत संगणक आले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला.

हे सारे व्यर्थ गेले असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या खेड्यात वर्तमानपत्रही पोहोचत नव्हते तेथे जग दिसू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु प्रत्येक वेळी यंत्र पोहोचविण्याचा हिशेब जितक्या काटेकोरपणे ठेवला गेला, तितक्या काटेकोरपणे मुलाला काय आले याचा हिशेब क्वचितच ठेवला गेला. यंत्रांची मोजदाद सोपी असते. मुलाच्या डोक्यात काय उजळले, हे मोजणे कष्टाचे असते.

बडोद्याचा धडा

तो हिशेब जेथे चोख ठेवला गेला, ते गाव आपल्या परिचयाचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला, हे आपल्या मासिकाच्या बडोदेकर वाचकांस मी सांगावयास नको. त्याच बडोद्यात महापालिकेच्या प्राथमिक शाळांना २००० साली सरकारकडून प्रत्येकी चार संगणक मिळाले होते. दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा बहुतेक शाळांतील संगणक वापराविना पडून असल्याचे आढळले. हे वाचताना ज्याला स्वतःच्या शाळेतील कुलूपबंद कपाट आठवणार नाही, असा मुख्याध्यापक विरळा.

पुढे ‘प्रथम’ या संस्थेने ते संगणक कामास लावले. चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघे दोघे बसून, गणिताचे खेळ खेळू लागली. आणि त्या दोन तासांतील एक तास शाळेच्या वेळेबाहेरचा होता. सोबत एक प्रशिक्षित स्थानिक तरुण असे. मूल चुकले तर सोपे उदाहरण, बरोबर आले तर अवघड उदाहरण, अशी खेळांची रचना होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी या प्रयोगाची कसोशीने परीक्षा केली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बॅनर्जी व डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर, म्हणजे आपल्यापैकीच. निष्कर्ष असा की गणितात मुलांची प्रगती स्पष्टपणे वाढली. भाषेत मात्र काहीही फरक पडला नाही, कारण खेळ गणिताचे होते. आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने त्या लाभाचा पुष्कळसा भाग ओसरला. यंत्राने जे शिकविले तेच मुले शिकली, आणि सराव थांबला तसे विसरूही लागली. यात आश्चर्य ते काय? पाढ्यांचेही असेच असते.

याहून बोलका पुरावा गुजरातेतील दुसऱ्या एका प्रयोगाने दिला. ली लिंडेन या अभ्यासकाने २००८ साली तो मांडला. एकाच प्रकारचे संगणक-खेळ काही वर्गांत गुरुजींच्या तासाऐवजी दिले गेले, तर काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, अधिकचा सराव म्हणून. जेथे यंत्राने गुरुजींचा तास घेतला, तेथे मुले इतरांहून मागे पडली. जेथे गुरुजींच्या तासात भर पडली तेथे मुले, विशेषतः कच्ची मुले, पुढे गेली. एकच औषध, पण जेवणाऐवजी घेतले तर अशक्तपणा आणि जेवणानंतर घेतले तर गुण!

दिल्लीत ६१९ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाने, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, याला आणखी एक जोड दिली. तेथे वरच्या प्राथमिक व माध्यमिक वर्गांतील मुले शाळा सुटल्यावर केंद्रात येत. काही वेळ संगणकापुढे, काही वेळ शिक्षकासमोर लहान गटात बसत. संगणक मुलाची इयत्ता पाहत नसे, त्याला प्रत्यक्ष काय येते ते पाहून तेथून प्रारंभ करीत असे. सहावीतील कित्येक मुलांचे गणित तिसरी-चौथीच्या पातळीवर होते, म्हणून सुरुवातही तेथूनच. साडेचार महिन्यांत गणितात व हिंदीतही चांगली वाढ दिसली. उलट पेरू देशात खेड्यांतील मुलांना लॅपटॉप वाटण्यात आले, तेव्हा २०१२ सालच्या पाहणीत भाषेच्या व गणिताच्या परीक्षेत काही फरक आढळला नाही. तेथे यंत्र मुलाच्या हाती दिले गेले होते. त्याचे पुढे काय करावयाचे ही योजना हाती दिली गेली नव्हती.

मूल जेथे आहे तेथून त्याला पुढे न्यावे, हे तत्त्व आम्हा कर्नाटकातील शिक्षकांना अपरिचित नाही. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात काही शिक्षकांनी ‘नलि-कलि’, म्हणजे आनंदाने शिका, ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती राज्यभर पसरली. त्यात कार्डे असतात, शिकण्याची शिडी असते, आणि प्रत्येक मूल आपल्या पायरीवरून वर चढते. वीज लागत नाही. दिल्लीच्या संगणकाने जे केले, तेच पुठ्ठ्याच्या कार्डांनी साधण्याचा हा यत्न होता.

एक दाखला मागणारे वडील

आता जे सांगतो ते सांगताना थोडा संकोच होतो. २०१९ च्या जूनमध्ये पाचवीतील एका मुलाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी आले. आमच्या भागातील मराठी शाळांची पटसंख्या कशी घटत चालली आहे, हे सीमाभागातील वाचक जाणतातच. शहरातील खाजगी इंग्रजी शाळेच्या जाहिरातीत चकचकीत पडद्याचे छायाचित्र असते. मी म्हणालो, ‘‘अहो, पडदा तर आपल्या शाळेतही आहे.’’ गृहस्थ क्षणभर थांबले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘सर, पडदा आला म्हणतासा, पण पोराला धडा वाचता येत न्हाई, त्याचं काय?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा अक्षरे ओळखत होता. पण जोडाक्षर आले की अडखळे, अडखळला की गप्प होई, आणि चाळीस डोळ्यांसमोर गप्प बसण्याची त्याला सवय झाली होती. मी त्या गृहस्थांकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली.

मोठा पडदा त्याच्या उपयोगाचा नव्हता. उपयोगी पडला तो माझ्या खिशातला मोबाईल. मधल्या सुट्टीत तो माझ्या खोलीत येई. दुसरीच्या पुस्तकातील एक लहान उतारा वाची आणि मी ते ध्वनिमुद्रित करी. मग पुस्तक समोर ठेवून तो स्वतःचाच आवाज ऐके आणि जेथे अडखळला तेथे पेन्सिलीने खूण करी. त्या शब्दांवर आम्ही दोघे बोलत असू. ‘विश्वास’ मधला ‘श्वा’ कसा बनला, ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांत काय भेद. पुन्हा वाचन, पुन्हा ऐकणे. चुका काढणारा मी नव्हतो, तोच होता. आणि ऐकणारे चाळीस डोळेही नव्हते. रोज दहा मिनिटे. तिसऱ्या आठवड्यात, मी न सांगता, तो म्हणाला, ‘‘सर, परत वाचतो, मघाचं बरोबर न्हाई.’’ त्या दिवशी मला आशा वाटली.

दिवाळीच्या सुट्टीआधी वडिलांना बोलाविले. जूनमधले पहिले वाचन व त्या आठवड्यातले वाचन, दोन्ही ऐकविली. चमत्कार झाला नव्हता. मुलगा अजून पाचवीचे पुस्तक सावकाशच वाचीत होता; पण वाचीत होता. वडील काही बोलले नाहीत. दाखल्याचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि ते उठले.

भाषेचे दार

यंत्र मुलाच्या भाषेत बोलते काय, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस विशेष जिव्हाळ्याचा आहे. आमची पाठ्यपुस्तके मराठीत असली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा. महाराष्ट्रातील मराठी चित्रपाठ पाहावे तर धड्यांचा क्रम जुळत नाही. यावरचा मार्ग मला एका शेजाऱ्याने दाखविला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले रुजू झाले तेव्हा तेथील मुलांची घरची भाषा कानडी आणि पुस्तके मराठी, असा पेच होता. म्हणजे आमच्याच दुःखाची उलटी बाजू. ते कानडी शिकले, मुलांस समजेल असे साहित्य स्वतः तयार केले आणि पुस्तकात क्यूआर कोडचे चौकोन छापून ते ध्वनिचित्रांस जोडले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलर्सचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे जाहीर केले. त्या चौकोनाचे कौतुक सर्वांनी केले. मला मोलाचे वाटते ते चौकोनाच्या आधीचे काम : शिक्षकाने मुलाची भाषा शिकणे.

आम्हीही आमच्यापरीने आरंभ केला. सातवीच्या मुली गावातील आज्ज्यांना गाठून भाताच्या रोपापासून मळणीपर्यंतचे शब्द विचारतात, मोबाईलवर मुद्रित करतात आणि ‘शेती’चा पाठ शिकताना ते ऐकवितात. मुले आपल्याच आजीचा आवाज वर्गात ऐकतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहण्यासारखे असतात.

रोजच्या वर्गातील तीन गोष्टी

नवशिक्षक विचारतात, ‘‘सर, नेमके करावे काय?’’ त्यांना मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, दाखविण्याआधी विचारावे. चित्रपाठ मध्येच थांबवून ‘पुढे काय होईल?’ हे प्रत्येकाने पाटीवर लिहावे आणि एकदम सर्व पाट्या वर कराव्यात. हात वर करणारी चार हुशार मुले वर्गाचा खरा अंदाज देत नाहीत. वर झालेल्या तीस पाट्या देतात. वीस-पंचवीस रुपयांच्या पाटीइतके प्रामाणिक यंत्र मी अद्याप पाहिले नाही.

दुसरी, मुलांची वही पडद्यावर आणावी. ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले तर पुष्कळ मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस आठांहून मोठे. अशा वहीचे छायाचित्र, मुलाचे नाव झाकून, पडद्यावर दाखवितो आणि विचारतो, ‘‘याने असा विचार का केला असेल?’’ मग कोणी पस्तीस पैसे व ऐंशी पैसे यांची आठवण देतो, कोणी शंभर चौकटी आखून रंगवितो. आयत्या चित्रपाठापेक्षा वर्गातली ही एक चूक अधिक शिकविते.

तिसरी, पाठ संपल्यावर यंत्र बंद करून मुलाने तेच दुसऱ्याला समजावून सांगावे. सांगता आले नाही तर शिकणे झाले नाही, इतके सरळ माप.

घरासाठी दोन शब्द

हे मासिक घराघरांत वाचले जाते, म्हणून पालकांसाठीही लिहितो. ‘असर’च्या २०२४ सालच्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षे वयाच्या सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरल्याचे, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी. म्हणजे यंत्र घरात आलेलेच आहे; आता प्रश्न त्याच्या उपयोगाचा उरला.

मूल मोबाईलवर अभ्यास करीत आहे असे म्हणाले, तर त्याला रागे भरू नये व निर्धास्तही होऊ नये. शेजारी बसावे आणि दहा मिनिटांनी म्हणावे, ‘‘आता मला सांग बघू.’’ पालक स्वतः कमी शिकलेले असले तरी हे करू शकतात. किंबहुना ते अधिक चांगले करू शकतात, कारण ज्याला ठाऊक नाही त्याला समजावताना मुलाला खरे कष्ट पडतात. आणि परगावी वाढणाऱ्या ज्या नातवंडांना मराठी वाचन जड जाते, त्यांच्याकडून दर आठवड्यास मासिकातील एक उतारा वाचून घ्यावा, मुद्रित करावा, त्यांनाच ऐकवावा. इंदूर असो, हैदराबाद असो वा बडोदे असो, एवढे साधन आज प्रत्येक घरी आहे.

आमच्या त्या प्रक्षेपकाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. २०२२ च्या पावसाळ्यात त्याचा दिवा गेला. अर्ज झाले, स्मरणपत्रे झाली. दिवा यावयास आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत चंद्राच्या कला शिकविण्याची वेळ आली तेव्हा मी वर्गात जाऊन म्हणालो, ‘‘यंदा पडदा नाही, मुलांनो.’’ मागच्या बाकावरून एक मुलगी उठली, खिडकीकडे गेली आणि म्हणाली, ‘‘असू द्या सर, पोती लावतो आम्ही. तुम्ही दिवा आणा.’’